जरा दार लावून घ्या

मेडिकलमध्ये गर्दी असताना येऊन जो माणूस गर्दी सरायची वाट बघत बाजूला उभा राहतो, त्याला काहीतरी सांगायचं असतं. फलटणला आमचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. डी. फार्म. करून मी काउंटरमागे उभा राहिलो तेव्हापासून हा माणूस मी बघत आलोय. तो आधी तापाची गोळी मागतो, मग घशाच्या गोळ्या. मग काचेच्या कपाटाकडे बघतो, रस्त्याकडे बघतो. तेवढ्यात शेजारी कुणी ओळखीचं येऊन उभं राहिलं की "किती झाले?" म्हणतो, पैसे देतो आणि निघून जातो. थोड्या वेळाने पुन्हा येतो. कधी कधी येतच नाही.

कुणी रिकाम्या स्ट्रिपचा कापलेला कोपरा मुठीतून पुढं सरकवतं. कुणी मोबाइलवरचा फोटो दाखवतं आणि लगेच स्क्रीन बंद करतं. बायका दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येतात, रस्ता ओस असतो तेव्हा. बरोबर मुलगी असेल तर तिला आधी समोरच्या किराणा दुकानात पिटाळतात. रात्री शटर अर्धं खाली आल्यावर वाकून आत येणारे वेगळेच. सॅनिटरी पॅड, कंडोम, गर्भ राहिलाय का बघायची पट्टी, हे सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून द्यायची आमच्या धंद्याची जुनी रीत आहे. आमच्या गावचे लोक असल्या औषधांसाठी बारामतीला जातात आणि बारामतीचे आमच्याकडे येतात. तिथला एक दुकानदार माझा मित्र आहे. आम्ही दोघं एकमेकांच्या गावची माणसं सांभाळतो, असं म्हटलं तरी चालेल.

या सगळ्यांना उद्देशून डॉक्टर, सरकारी भिंतीपत्रकं, वर्तमानपत्रातले आरोग्याचे लेख एकच गोष्ट सांगतात: लाजू नका, मोकळेपणाने बोला. मला हा सल्ला पटत नाही. ज्याला सांगायचं त्याने धीर करायचा, आणि ज्यांनी ऐकायचं त्यांनी काहीच करायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो. आमच्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांत नाव मोठ्याने पुकारतात. तपासणीच्या खोलीला दाराऐवजी पडदा असतो, पडद्याबाहेर बाकावर पुढचे चार पेशंट बसलेले असतात आणि त्यांतला एक हमखास आपल्या भावकीतला असतो. तिथं 'मोकळेपणाने बोला' म्हणणं हे त्या माणसावर अन्याय करणं आहे. लाज त्याच्या मनात असते हे खरं, पण तिला रोज खतपाणी घालतो तो पडदा.

याची किंमत काय मोजावी लागते ते माझ्या काउंटरवर दिसतं. सगळ्यांत साधं उदाहरण जांघेतल्या खाजेचं. गजकर्ण हा बुरशीचा आजार, नीट औषध घेतलं तर बरा होणारा. पण 'तिथली' खाज डॉक्टरला दाखवायची नसते, म्हणून माणूस कुणीतरी सांगितलेलं मलम मागतो. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर जोरदार स्टेरॉइड, असं तिन्ही एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी पसरत राहते. कातडी पातळ होते, गरोदरपणी पोटावर पडाव्यात तशा रेघा जांघेत पडतात. शेवटी तो त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो तेव्हा मूळ आजार ओळखूही येत नाही इतका बदललेला असतो.

दुसरं उदाहरण नवं आहे आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिन नावाची गोळी आहे. २०२० च्या अखेरीस तिचं पहिलं पेटंट संपलं, अनेक कंपन्यांनी ती काढली आणि किंमत एकदम उतरली. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला जपते. ती रक्तातली जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते. साहजिकच त्या जागी साखर राहते आणि काहींना बुरशीचा संसर्ग होतो. पुरुषांना पुढच्या कातडीला चिरा पडतात, लाल होतं. बायकांना खाज सुटते, दह्यासारखं पांढरं जातं. स्वच्छ पाण्याने धुऊन जागा कोरडी ठेवली, वेळेत मलम लावलं तर हे बहुधा आटोक्यात येतं. पण डॉक्टरला सांगायचं कसं? मग माणूस गुपचूप गोळी बंद करतो. तीन महिन्यांनी साखर वाढलेली दिसते, डॉक्टर चिडतात, "पथ्य पाळत नाही" म्हणतात, आणि तो खाली मान घालून ऐकून घेतो. आपण गोळी का सोडली हे तो तेव्हाही सांगत नाही. बुरशीचं मलम वारंवार नेणाऱ्या माणसाला मी साखर तपासायला सांगतो, कारण पुढच्या कातडीला पुन्हा पुन्हा चिरा पडणं हे कधी कधी मधुमेहाचं पहिलं लक्षण असतं. सांगताना आवाज खाली आणावा लागतो. काउंटर तीन फुटांचा आणि दोन्ही बाजूंना माणसं.

मग माझ्यावरच वेळ आली.

पन्नाशी ओलांडली होती. साखर काही वर्षांपासूनची, रक्तदाबाची गोळी चालू. आधी कधीतरी आणि मग बहुतेक वेळा लिंगाला ताठरता येईना, आली तरी टिकेना. हे असं सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली. पण वाचणाऱ्याला आडवळणाने सांगण्यात काही अर्थ नाही. ज्याला हा त्रास आहे त्याला तो याच शब्दांत होतो. रात्री बायको पाठ करून झोपली की मी छताकडे बघत पडायचो. नंतर नंतर मी दुकानाचा हिशेब मुद्दाम रात्री उशिरापर्यंत घेऊन बसायला लागलो.

गावात डॉक्टर पुष्कळ आहेत आणि चांगले आहेत. पण त्यांतल्या प्रत्येकाची चिठ्ठी माझ्याच काउंटरवर येते. एकाच्या मुलीच्या लग्नात मी वाढायला होतो. डॉक्टर कुणाला सांगणार नाहीत, याची मला खात्री होती. गुपित राखणं हा त्यांच्या पेशाचा नियमच आहे. पण केसपेपर कोण काढतं? रक्त कोण घेतं? लॅबचा रिपोर्ट कोणाच्या हातून येतो? त्यांचा कंपाउंडर आणि माझ्या दुकानातला पोऱ्या रोज एका टपरीवर चहा पितात.

औषध तर माझ्याच कपाटात होतं, हाताच्या अंतरावर. सिल्डेनाफिल. स्ट्रिपवर लाल रेघ, शेड्यूल एच, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. पण दुकान माझं आणि शटर आतून ओढायलाही मीच. तरी मी ती गोळी घेतली नाही. त्याचं कारण आमचे एक जुने गिऱ्हाईक. छातीत दुखतं म्हणून ते जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट नेहमी खिशात बाळगत. एके दिवशी त्यांचा पुतण्या आला आणि खालच्या आवाजात 'ती' गोळी मागू लागला. कुणासाठी, हे सांगेना. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं तसं मी पोराला परत पाठवलं आणि रात्री त्यांच्या घरी जाऊन ओट्यावर बसलो. सिल्डेनाफिलही रक्तवाहिन्या सैलावतं आणि सॉर्बिट्रेटही. दोन्ही एकत्र पोटात गेली तर रक्तदाब असा कोसळू शकतो की माणूस हाती लागत नाही. हे मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "भाऊ, हे मला डॉक्टरनं कधीच सांगितलं नव्हतं. पण मी तरी त्याला कुठं विचारलं?"

ही दोन औषधं एका घरातलीच म्हणायची. इंग्लंडात केंटमधल्या सँडविच गावातल्या प्रयोगशाळेत सिल्डेनाफिलवर काम सुरू झालं ते छातीतल्या कळीवर उपाय म्हणून. त्या कामी ते फारसं उतरलं नाही, पण चाचण्यांत पुरुषांना वेगळाच परिणाम जाणवला. २७ मार्च १९९८ ला अमेरिकेत त्याला या दुसऱ्या कामासाठी परवानगी मिळाली. त्याच वर्षीचं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना मिळालं. नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू शरीरात रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा निरोप देतो, हे त्यांनी दाखवलं होतं. ताठरता येते ती त्याच निरोपाने, आणि सॉर्बिट्रेटने छातीतली कळ थांबते तीही त्याच निरोपाने. हृदय आणि ही जागा यांचं नातं इतकं जवळचं आहे. माझं हृदय कसं आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणून ती स्ट्रिप कपाटातच राहिली.

या काळात भिंतीवरच्या जाहिराती मी नव्याने वाचल्या. एसटीने कुठंही निघा, गाव संपता संपता कंपाउंडच्या भिंतीवर चुन्याच्या अक्षरात 'गुप्तरोग, नामर्दी, निराश होऊ नका' आणि खाली मोबाइल नंबर. हमरस्त्याच्या कडेला कापडी तंबू, आत बाटल्यांत मुळ्या आणि भिंतीला पहिलवानांचे फोटो. १९५४ पासून अशा जाहिरातींना कायद्याने बंदी आहे. संभोगशक्ती वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात हा गुन्हा आहे. तंबूतल्या 'शुद्ध वनस्पती'च्या पुडीत बेमालूम सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडण्याचे प्रकार अनेक देशांत घडलेत. म्हणजे आमचे ते सॉर्बिट्रेटवाले गृहस्थ तंबूत गेले असते तर 'जडीबुटी' म्हणून त्यांनी नेमकं तेच गिळलं असतं.

हे सगळं खरं असूनही त्या तंबूकडून आमच्या दवाखान्यांनी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथं नाव विचारत नाहीत. अंधार पडल्यावरही उघडं असतं. आत एका वेळी एकच माणूस जातो आणि तंबूवाला घाई न करता सगळं ऐकून घेतो. औषध खोटं, किंमत लुटारू, पण तो विकतो ती आडोशाची जागा खरी असते, आणि माणसं पैसे मोजतात ते तिच्यासाठी. ती जागा खऱ्या डॉक्टरकडे मिळाली असती तर किती जण तंबूकडे वळले असते?

पुण्याला एका मूत्रविकारतज्ज्ञांचं नाव औषध कंपनीच्या एका विक्री प्रतिनिधीकडून आडून आडून विचारून घेतलं. लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट, स्वारगेट. वाटेत खिडकीला डोकं टेकून मी वाक्य जुळवत होतो. 'थोडा अशक्तपणा वाटतो' असं सुरू करायचं ठरलं होतं.

त्या दवाखान्यात शिरल्यावर मला जे दिसलं ते कदाचित एखाद्या दुकानदारालाच दिसेल, कारण आम्ही जागेचा विचार करतो. खुर्च्या समोरासमोर नव्हत्या, सगळ्या एका दिशेला तोंड करून होत्या. पुकारायचं ते नंबराने. काउंटरवरच्या ताईंनी फॉर्म दिला. त्यात 'तक्रार' असा रकाना होता आणि माझं पेन तिथं अडलं. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "ते रिकामं ठेवा काका, आत सांगा." त्यांच्या त्या एका वाक्याने माझा निम्मा भार उतरला. रोज किती जणांची पेनं तिथं अडत असतील, तेव्हा त्यांना हे वाक्य सापडलं असेल!

आत गेलो. डॉक्टरांनी मदतनिसाला बाहेर जायला सांगितलं आणि मला म्हणाले, "जरा दार लावून घ्या." कडी लागल्याचा आवाज झाला. माझं जुळवलेलं वाक्य मी सुरू केलं, "थोडा अशक्तपणा..." त्यांनी पुरं होऊ दिलं आणि शांतपणे विचारलं, "ताठरता येत नाही, की टिकत नाही, की वीर्य लवकर जातं? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून विचारतो." शब्द त्यांनीच आधी उच्चारले. मला फक्त निवडायचं होतं.

पुढचे प्रश्न मी इथं देतो, कारण कुणाला तरी ते आधी माहीत असले तर बरं. त्रास हळूहळू वाढला की एकदम आला? सकाळी जाग येताना ताठरता असते का? ती नीट असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या बऱ्याच अंशी ठीक आहेत आणि कारण मनाच्या ताणात शोधायला हवं, असं त्यांनी समजावलं. तंबाखू, मिश्री, दारू? जिना चढताना दम लागतो का? झोप कशी आहे? कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? माझ्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव ऐकून ते थांबले. बीटा ब्लॉकर गटातल्या काही जुन्या गोळ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढू शकतो. मी वर्षानुवर्षं ती गोळी शेकडो लोकांना दिलीय, माहितीपत्रकावर ते बारीक अक्षरात छापलेलंही असतं. एकाही गिऱ्हाइकाने मला त्याबद्दल कधी विचारलं नाही. "मनाने बंद करू नका," ते म्हणाले, "तुमच्या डॉक्टरांशी बोलून बदलू."

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला दोन नळ्या काढल्या, एक बारीक, एक जाड. लिंगाला रक्त पुरवणारी रोहिणी साधारण एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चारची. साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांनी दोन्ही आतून चोंदायला लागतात, पण बारीक नळीत ते आधी जाणवतं. छातीत कळ यायच्या काही वर्षं आधी शरीर इथं सूचना देतं. मधुमेही पुरुषांना हा त्रास इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतो आणि दहाएक वर्षं आधी सुरू होतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या १,२९० पुरुषांची पाहणी झाली होती, तिचे आकडे १९९४ साली छापून आले. ५२ टक्के पुरुषांना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होता. निम्म्याहून जास्त! माझ्या दुकानासमोरून जाणाऱ्या पन्नाशीतल्या माणसांकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

तपासण्या सांगितल्या: तीन महिन्यांची साखर, कोलेस्टेरॉल, सकाळी लवकर घेतलेल्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक, ईसीजी आणि ट्रेडमिलवर चालवून बघायची चाचणी. ट्रेडमिलमध्ये थोडी शंका आली, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, रक्तदाबाची बदलली, चालणं सुरू झालं. हृदयाच्या डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावरच सिल्डेनाफिलची चिठ्ठी मिळाली. पोटभर तेलकट जेवणानंतर घेऊ नका, तासभर आधी घ्या, गोळी नुसती घेऊन बसलात तर काही होणार नाही, मनात इच्छा आणि जवळीक हवीच. आणि छातीत दुखलंच तर आपण ही गोळी घेतलीय हे दवाखान्यात पहिल्यांदा सांगा, कितीही संकोच वाटला तरी.

दुसऱ्या भेटीला ते म्हणाले, "पुढच्या वेळी वहिनींना आणा." ती आली. आत दोघं बसलो, डॉक्टरांनी तिलाही तेच सगळं समजावलं, तिने दोन प्रश्न विचारले. बाहेर पडून आम्ही सारसबागेत जाऊन बसलो. आजूबाजूला पोरं खेळत होती, भेळवाले ओरडत होते आणि आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. ती म्हणाली, "अहो, मला पण दुखतं. पाळी गेल्यापासून. कोरडं पडतं, आग होते. तुम्हाला वाटेल ही टाळते, म्हणून बोलले नाही." जरा थांबून म्हणाली, "तुम्ही जवळ येईनासे झालात तेव्हा मला वाटलं, बरंच झालं. आणि मग त्याचंच वाईट वाटायला लागलं."

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक कमी होतं, योनीची आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, पुष्कळ बायकांना होतं. त्यावर पाण्यात विरघळणारी जेली मिळते, डॉक्टरच्या सल्ल्याने लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. दोन्ही माझ्या दुकानात, तिच्या नवऱ्याच्या दुकानात होती. ती स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेमाने जायची. तिथं वजन, रक्तदाब, गाठ, सगळं बघितलं गेलं, पण हे तिला कधी कुणी विचारलं नाही आणि तिने आपणहून सांगितलं नाही.

आम्हा पुरुषांसाठी निदान तंबू तरी आहेत. बायकांसाठी भिंतीवरची जाहिरातसुद्धा नाही, सोसणं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि ते काम जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका अवघ्या ८ टक्के. या दोन आकड्यांमध्ये किती रात्रींचं सोसणं आहे! पुढं त्यांनी गडचिरोलीतल्या आपल्या शोधग्राम या केंद्रात दवाखाना बांधला तो आदिवासी वस्तीसारखा, झोपड्या-झोपड्यांचा, पेशंटबरोबर घरच्यांना राहता येईल असा, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी दवाखाना. मोठ्या इमारती आणि पांढरे डगले यांची लोकांना भीती वाटत होती, म्हणून त्यांनी इमारतच बदलली. लोकांना 'घाबरू नका' असं सांगून ते थांबले नाहीत, हे मला फार मोठं वाटतं.

त्याच्या कितीतरी आधी मुंबईत र. धों. कर्व्यांनी हेच ओळखलं होतं. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचक पत्रातून आपल्या शंका विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं छापत. त्या काळी एखाद्या कारकुनाला आपल्या शरीराबद्दल विचारायला बंद लिफाफ्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. याच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक शंका विचारत असतील तर उत्तर देणं अश्लील कसं, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक मात्र चालूच राहिलं. त्या पत्रांमागची माणसं कोण होती, कुठल्या चाळीत राहत होती, आपल्याला कधीच कळणार नाही, आणि तेच योग्य आहे.

आज लिफाफ्याच्या जागी फोन आहे. मार्च २०२० मध्ये फोनवरून आणि व्हिडिओवरून डॉक्टरी सल्ला देण्याचे सरकारी नियम आले, तेव्हापासून माणूस शेतात मोटारसायकल लावून झाडाखालून तज्ज्ञाशी बोलू शकतो. तपासायचं काम त्याने होत नाही, पण पहिलं वाक्य बोलून होतं. लिंगातून पू येणं, जखम, अंगावरून वास येणारं पाणी जाणं अशा तक्रारींसाठी जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत 'सुरक्षा क्लिनिक' असतात, तिथं समुपदेशक असतो. औषधांची किट रंगांवरून आणि नंबरांवरून ओळखली जातात आणि लक्षणं बघून शक्यतो पहिल्याच भेटीत दिली जातात. इतका धीर करून आलेला माणूस दुसऱ्यांदा येईलच असं नाही, हे ज्याने ही पद्धत आखली त्याला कळलं होतं. एड्स नियंत्रणाची १०९७ ही हेल्पलाइनही आहे, फोन फुकट. तरुण मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक आहेत. त्यांतल्या काहींचा फलक मात्र इतका मोठा असतो की खाली उभं राहायलाही पोरं कचरतात. तो फलक लहान करायला फारसा खर्च येणार नाही.

मी माझ्या दुकानात बदल केला तो एवढाच. फ्रीज पुढं सरकवून मागच्या कोपऱ्यात प्लायवूडची छोटी खोली काढली. आत दोन खुर्च्या, टेबल, साखरेचं आणि रक्तदाबाचं यंत्र. इन्सुलिनचं पेन कसं टोचायचं, दम्याचा पंप कसा ओढायचा, हे सगळं मी आता तिथंच शिकवतो. लहान मुलाच्या औषधाचा डोसही तिथं बसूनच समजावतो. दिवसभर सगळ्या वयाची माणसं आत-बाहेर करतात, त्यामुळे कोण कशासाठी आत गेलं हे बाहेरच्याला कळत नाही. हे मुद्दाम तसं केलंय. निव्वळ 'तसल्या' तक्रारींसाठी खोली काढली असती तर तिचं दार कुणीच ओलांडलं नसतं. मी डॉक्टर नाही, आत बसून उपचार करत नाही. ऐकतो, कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगतो, आणि तिथं गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते कागदावर लिहून देतो. काही जण तो कागद तसाच डॉक्टरसमोर ठेवतात. ते सॉर्बिट्रेटवाले काका त्या खोलीत आले तेव्हा त्यांना मी फक्त एवढंच लिहून दिलं: 'मला छातीचा त्रास आहे. तरी या बाबतीत सुरक्षित उपाय कोणता?' डॉक्टरांनी त्यांना अर्धा तास दिला.

बायका मात्र अजून आत येत नाहीत. दारापर्यंत येतात, मला बघतात आणि "नंतर येते भाऊ" म्हणतात. आतला माणूस पुरुष आहे तोवर ते दार त्यांच्यासाठी अर्धंच आहे. माझी बायको दुपारी बसते तेव्हा दोघी-तिघी येऊन तिच्याशी बोलल्या, पण औषधातलं तिला माहीत नाही. म्हणून दुपारी दोन ते सहा या वेळेसाठी मी नोंदणी झालेली महिला फार्मासिस्ट शोधतोय. नवशिकी असली तरी चालेल, पगार गावातल्या रिवाजापेक्षा जास्त देईन. बारामती किंवा लोणंदहून येणार असेल तर परतीच्या एसटीप्रमाणे तिची वेळ ठरवू.